आर्क्टिकचा ताप आणि वाऱ्याचा हात

मार्चमधला एखादा दिवस आठवा. सकाळी दहाला गोरेगावच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तर नेहमीसारखा घाम येत नाही, हवा कोरडी, चेहरा भाजल्यासारखा होतो, आणि वारं येतंय पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, घाट उतरून आलेलं. शाळेत शिकलो होतो ना खारे वारे आणि मतलई वारे, तेच हे. खारे वारे वेळेवर, अकरा-साडेअकराला सुरू झाले तर मुंबई ३२-३३ वर थांबते, आणि दोन वाजेपर्यंत आलेच नाहीत तर त्याच उन्हात पारा ३९-४० ला जातो. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ नोंदलं गेलंय. सूर्य तोच, शहर तेच, फक्त वारं कुठून आलं तेवढाच फरक.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आर्क्टिकचं प्रकरण समजायला मुंबईकराकडे हा अनुभव आधीच आहे, फक्त तिथे हे दोन-चार तासांत होत नाही, वीस-वीस वर्षं चालतं.

आणि हे लिहायला बसलो त्याचं कारण आमच्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांना एक फॉरवर्ड आला होता, की गेली पंधरा-वीस वर्षं आर्क्टिकचा बर्फ फारसा कमी झालेलाच नाही, म्हणजे ते ग्लोबल वॉर्मिंग वगैरे सगळं थोतांड. काकांनी मला लिफ्टजवळ थांबवून विचारलं, अरे हे खरं का. मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही कारण फॉरवर्डचा पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे आणि दुसरा साफ चूक, आणि या दोघांच्या मधे जे आहे ते वारं आहे, ते लिफ्टच्या दाराशी उभं राहून दोन मिनिटांत सांगता येत नाही.

आधी आकडे. १९७९ पासून सॅटेलाइटवरून आर्क्टिकच्या समुद्री बर्फावर सतत नजर आहे. बर्फ हिवाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात वितळतो आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यात कमी असतो, म्हणून सप्टेंबरचा आकडा बघतात. १९८० च्या आसपास सप्टेंबरमध्येसुद्धा साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा, म्हणजे दोन भारत मावतील आणि वर जागा उरेल इतका. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये उरला सुमारे ३४ लाख, म्हणजे जेमतेम एक भारत. तापमानाचं म्हणाल तर १९७९ नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय, आणि नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या पूर्वेकडे बॅरेंट्स समुद्राच्या काही भागात तर सातपट.

आता ध्रुवच जास्त का तापतो? स्वांते अऱ्हेनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच हिशोब मांडून सांगितलं होतं की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर ध्रुवाकडे तापमान जास्त चढेल. एक कारण सगळ्यांना माहीत असतं, पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, वर ताजं हिम असेल तर ८० टक्क्यांहून जास्त, आणि बर्फ गेला की खालचं काळं पाणी तेच ऊन जवळजवळ सगळं पिऊन टाकतं. ही पाण्यात साठलेली उष्णता बाहेर येते पुढच्या शरद ऋतूत आणि हिवाळ्यात, म्हणून आर्क्टिकचं तापणं उन्हाळ्यापेक्षा थंडीच्या महिन्यांत जास्त दिसतं, जे ऐकायला उलटं वाटतं. दुसरं कारण कमी माहीत असतं. आपल्याकडे जमीन तापली की गरम हवा वर चढते, मे महिन्यात घाटावर जे उंच ढग उभे राहतात ना ते हेच काम करतात, खालची उष्णता दहा-पंधरा किलोमीटर वर नेऊन सोडतात आणि तिथून ती अंतराळात निघून जायला सोपं पडतं. आर्क्टिकमध्ये थंड जड हवा जमिनीलगत झोपून राहते, वर चढतच नाही, त्यामुळे जी काही ऊब मिळेल ती खालीच कोंडून राहते.

इथपर्यंत वारं आलंच नाही. हा सगळा पाया आहे, आणि याचा धनी कार्बन डायऑक्साइड आहे, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण एवढ्यावरच थांबलो तर आर्क्टिक दर वर्षी सारख्या मापाने तापत जायला हवं होतं, आणि तसं झालेलं नाही. काही दशकं धावलं, काही दशकं रेंगाळलं, ग्रीनलँड तापलं तेव्हा युरोप गारठला, आणि पुढे उलटं झालं. ते वाऱ्याचं काम.

मुळात वारं वाहतं कशाला? विषुववृत्ताला सूर्याकडून मिळतं जास्त आणि तिथून परत जातं कमी, ध्रुवाला मिळतं कमी आणि तिथून जातं जास्त. हा तोल सांभाळायला हवा आणि समुद्र मिळून उष्णता वरती उत्तरेकडे वाहून नेतात. पृथ्वी फिरतेय म्हणून ती हवा सरळ उत्तरेला जात नाही, वळते, आणि मधल्या पट्ट्यात दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जोरदार हवेची नदी वाहते, ती जेट स्ट्रीम. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पश्चिमी विक्षोभ येऊन गेला की मागोमाग उत्तरेचे वारे उतरतात आणि मुंबईकर कपाटातला एकुलता एक स्वेटर काढतो, तो विक्षोभसुद्धा या वरच्या पश्चिमी वाऱ्यांवरच बसून येतो.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. उत्तर अटलांटिकमध्ये आइसलँडजवळ हवेचा दाब कमी असतो आणि अझोर्स बेटांजवळ जास्त, आणि हे दोन्ही सी-सॉसारखे हलतात, एक खाली गेला की दुसरा वर. ही गोष्ट नीट पकडून तिला नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन हे नाव कोणी दिलं? गिल्बर्ट वॉकर यांनी, जे १९०४ ते १९२४ भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते! केंब्रिजचा गणिती माणूस, इथे आला तेव्हा १८९९ च्या दुष्काळाच्या जखमा ताज्या होत्या आणि सरकारला पावसाचा अंदाज हवा होता. मान्सूनचा धागा शोधायला त्यांनी जगभरच्या दाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी मागवल्या आणि खात्यातल्या भारतीय कारकुनांनी हाताने त्यांची गणितं केली, कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. त्यातून पॅसिफिकचा झोका सापडला, ज्याला आज आपण एल निनोच्या निमित्ताने ओळखतो, आणि त्याच कामातून अटलांटिकचाही. म्हणजे आर्क्टिकच्या वाऱ्यांची पहिली चावी आपल्या पावसाच्या चिंतेतून मिळालेली आहे, आणि शाळेच्या पुस्तकात याबद्दल एक ओळही नसते याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढे १९९८ मध्ये थॉम्पसन आणि वॉलेस या दोघांनी दाखवलं की हा फक्त अटलांटिकचा झोका नाही, अख्ख्या ध्रुवाभोवतीचा आहे. त्याला आर्क्टिक ऑसिलेशन म्हणतात. ध्रुवावर दाब कमी असला की भोवतीचे पश्चिमी वारे जोरात आणि घट्ट गोल फिरतात, थंडी आत कोंडलेली राहते आणि उत्तर युरोप, सायबेरिया तुलनेने उबदार राहतात, ही त्याची प्लस बाजू. ध्रुवावर दाब वाढला की तो गोल ढिला पडतो, थंड हवा खाली सांडते, आणि तिच्या जागी गरम हवा वर घुसते, ही मायनस. २००९-१० च्या हिवाळ्यात हा आकडा भयंकर मायनस होता, युरोप आणि अमेरिकेचा पूर्व भाग बर्फात बुडाला आणि त्याच वेळी ग्रीनलँडच्या आसपास नेहमीपेक्षा कितीतरी ऊब होती. टीव्हीवर अमेरिकेतली थंडी दाखवून आर्क्टिक तापत नाही म्हणणं म्हणजे फ्रीजचं दार उघडं ठेवून किचन गार झालं म्हणून खूश होण्यासारखं आहे, फ्रीजच्या आत काय चाललंय ते बघायला नको का.

पण एका हिवाळ्याची थंडी ही छोटी गोष्ट. वाऱ्याचा खरा लांब पल्ल्याचा परिणाम बर्फ ढकलण्यातून होतो, आणि इथे थोडं थांबायला हवं.

समुद्री बर्फ जागेवर उभा नसतो, वाहतो. १८८१ मध्ये जॅनेट नावाचं जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं आणि तीन वर्षांनी त्याचं सामान निघालं कुठे, तर ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर! ते वाचून नॉर्वेच्या नान्सेनने ठरवलं की आपण मुद्दामच जहाज बर्फात अडकवायचं आणि वाहत जायचं. त्याचं फ्रॅम १८९३ मध्ये अडकलं आणि १८९६ मध्ये पलीकडे सुटलं. २०१९ मध्ये जर्मनीच्या पोलारस्टर्न जहाजाने तसंच केलं, तेव्हा बर्फ पातळ होता, त्यात २०२० च्या सुरुवातीला आर्क्टिक ऑसिलेशन विक्रमी प्लस होतं आणि वारं पाठीशी, तर वर्षभराच्या आतच ते दुसऱ्या टोकाला पोचलं. दोघांची सुरुवातीची जागा अगदी एक नव्हती, तरी फरक बघा.

तर आर्क्टिक महासागरात बर्फाचे दोन मोठे रस्ते आहेत. अलास्का-कॅनडाच्या बाजूला ब्यूफोर्ट समुद्रावर बर्फ घड्याळाच्या काट्यासारखा गोल गोल फिरतो, वर्षानुवर्षं, आणि फिरताना जाड होत जातो. दुसरा रस्ता सायबेरियाकडून ध्रुवावरून सरळ ग्रीनलँड आणि स्वालबार्डच्या मधल्या फ्रॅम सामुद्रधुनीकडे, जिथून बर्फ अटलांटिकमध्ये बाहेर पडतो आणि वितळतो. दर वर्षी आर्क्टिकच्या बर्फाच्या क्षेत्रफळातला साधारण दहावा भाग या एका दारातून जातो. विरारहून सुटलेल्या गाडीत मधेच अडकलेला माणूस आणि दाराशी आलेला माणूस, दादर आल्यावर कोण बाहेर फेकला जाणार हे जसं ठरलेलं असतं तसंच, बर्फ चकरा मारणाऱ्या भागात आहे का दाराच्या रस्त्यावर आहे यावर त्याचं आयुष्य ठरतं. आणि कोणता रस्ता मोठा हे वारं ठरवतं.

१९८९ ते १९९५ या काळात आर्क्टिक ऑसिलेशन हिवाळ्यामागून हिवाळे प्लस राहिलं. ब्यूफोर्टचा गोल आकसला, दाराकडचा प्रवाह वाढला, आणि जुना, जाड, पाच-दहा वर्षांचा बर्फ बाहेर वाहून गेला. जागी आला तो एका हिवाळ्यात गोठलेला पातळ बर्फ, मीटर-दीड मीटरचा. नंतर वारं परत नॉर्मलवर आलं, पण बर्फ परत आला नाही, कारण तोपर्यंत हवा आणि पाणी इतकं तापलेलं होतं की पातळ बर्फाला उन्हाळा पार करून जुनं व्हायला मिळेना. वारं गेलं, त्याने केलेलं नुकसान राहिलं. २०१० मध्ये तर हे फारच स्पष्ट दिसलं. हिवाळ्यात ऑसिलेशन मायनस होतं, जुन्या नियमाने हे बर्फाला चांगलं, जुना बर्फ फिरून ब्यूफोर्टच्या गोलात गेलासुद्धा, पण त्या भागातलं पाणी आता उन्हाळ्यात इतकं गरम होतं की तिथे गेलेला जुना बर्फही वितळला. जे वारं पूर्वी बर्फ वाचवायचं तेच आता त्याला गरम पाण्यात नेऊन सोडतं, आणि या विषयातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त बेचैन करते.

२००७ चा उन्हाळा अजून वेगळा. ब्यूफोर्टवर जास्त दाब, सायबेरियाच्या बाजूला कमी दाब, याला आर्क्टिक डायपोल म्हणतात. या दोघांच्या मधून वारं ध्रुवावरून थेट फ्रॅमच्या दाराकडे. वर आकाश मोकळं, ऊन धो धो. सप्टेंबरला उरला सुमारे ४२ लाख चौरस किलोमीटर, आधीचा नीचांक ५३ लाखांचा होता.

आता ग्रीनलँड. तिथे उन्हाळ्यात जास्त दाबाचा डोंगर येऊन बसला की हवा वरून खाली दबते, दबली की तापते, सायकलच्या पंपाचं तोंड गरम होतं तसं, आणि ढग विरतात. २०१२ च्या जुलैमध्ये असंच झालं आणि काही दिवस ग्रीनलँडच्या हिमचादरीचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग एकाच वेळी ओला झाला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तीन किलोमीटरहून उंच असलेल्या तिथल्या शिखरावरच्या स्टेशनला पाऊस पडला, हिम नाही, पाऊस, नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. आणि हा दाबाचा डोंगर तिथे का येतो याचा एक धागा पार पॅसिफिकच्या उष्ण पट्ट्यात जातो. तिथल्या समुद्राचं तापमान बदललं की ढग कुठे उभे राहणार ते बदलतं, त्याचा धक्का हवेत लाटेसारखा उत्तरेकडे पसरतो आणि हजारो किलोमीटरवर ग्रीनलँडवर दाब वर-खाली करतो. वॉकरसाहेबांचे दोन्ही झोके इथे एकमेकांना भेटतात.

हिवाळ्याचं गणित उलट आहे, हे लक्षात ठेवा. ध्रुवावर सहा महिने रात्र, ऊन नाहीच, म्हणून मोकळं आकाश म्हणजे कडाक्याची थंडी आणि ढग म्हणजे गोधडी. आपल्याकडे डिसेंबरमध्ये एखाद्या रात्री ढग आले की पंखा परत दोनवरून चारवर जातो, तसं. अटलांटिकवरून ओलसर गरम हवेचा लोट आत घुसला की ढग येतात, ते खालून निघणारी उष्णता परत खालीच पाठवतात आणि बर्फाचं जाड होणं थांबतं. डिसेंबर २०१५ च्या शेवटी ध्रुवाजवळ तापमान शून्याच्या वर गेलं होतं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रीनलँडच्या उत्तर टोकाला केप मॉरिस जेसपला, जिथे तेव्हा सूर्य उगवतच नाही, तिथे कितीतरी तास पारा शून्याच्या वर होता.

मग एकूण तापण्यात वाऱ्याचा वाटा किती? हा प्रश्न सगळ्यात अवघड. कॉम्प्युटर मॉडेलं पन्नास-शंभर वेळा चालवली की प्रत्येक वेळी वारं वेगळं वाहतं, सरासरी काढली की वाऱ्याचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो फक्त गॅसचा परिणाम. त्या सरासरीत आर्क्टिक अडीच-तीनपट तापतं, आणि खऱ्या जगात जवळपास चौपट तापलंय. २०२३ च्या एका अभ्यासात खऱ्या नोंदींमधून नैसर्गिक चढउताराचा भाग काढून टाकला तर आकडा तिप्पटीच्या आसपास आला. बर्फाबद्दल २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने म्हटलं की १९७९ पासूनच्या सप्टेंबरच्या घटीपैकी ३० ते ५० टक्के भाग नैसर्गिक असू शकतो. हा अंदाज आहे, पद्धत बदलली की हलतो. काही लोक हे वाचून म्हणतात बघा, अर्धं निसर्गानेच केलं. पण त्याच वाक्याचा अर्थ हाही आहे की निदान अर्धं आपण केलं, आणि निसर्गाचा अर्धा भाग झोक्यासारखा परत फिरतो, आपला फिरत नाही. २०१६ मध्ये नोट्झ आणि स्ट्रोव्ह यांनी मांडलेला हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही, एक टन कार्बन डायऑक्साइड सोडला की सप्टेंबरचा तीन चौरस मीटर बर्फ जातो, म्हणजे एका डबलबेडएवढा.

उलट दिशेचाही प्रश्न आहे, आर्क्टिक तापल्यामुळे वारं बदलतंय का. ध्रुव आणि विषुववृत्ताच्या तापमानातला फरक कमी झाला की जेट स्ट्रीम ढिली पडून जास्त नागमोडी होते असं २०१२ मध्ये जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन व्हाव्हरस यांनी मांडलं, त्यावर आजही वाद चालू आहे आणि मला तरी पुरावा अजून अर्धाच वाटतो. आपल्या गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कारा समुद्रातला कमी बर्फ आणि आपल्याकडचा सप्टेंबरमधला अतिवृष्टीचा पाऊस यांच्यात संबंध असू शकतो असं दाखवलंय, आणि याच संस्थेचं हिमाद्री हे केंद्र २००८ पासून स्वालबार्डमध्ये आहे. मुंबईने दर पावसाळ्यात या बातम्यांकडे बघावं असं मला वाटतं, पण यावरून २६ जुलै आर्क्टिकमुळे झाला वगैरे कोणी म्हणायला लागलं तर ते चूक.

आता काकांचा फॉरवर्ड. २००५ ते २०२४ या वीस वर्षांत सप्टेंबरच्या बर्फात ठळक अशी घट दिसत नाही, हे खरं आहे, २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनीच हे छापलंय. कारण? २००७ नंतर तोच आर्क्टिक डायपोल बहुतेक प्लस, म्हणजे २००७ सारखाच, राहिला. उन्हाळ्यात बर्फाला मारणारं हेच वारं दुसऱ्या हाताने बर्फाला वाचवतही होतं, म्हणजे फ्रॅमच्या दारातून आत येणारं अटलांटिकचं गरम पाणी त्याने कमी केलं आणि अमेरिकेच्या बाजूला नद्यांचं हलकं गोडं पाणी वर साठवून ठेवलं, झाकणासारखं, त्यामुळे खालची उष्णता बर्फापर्यंत पोचेना. मॉडेलं म्हणतात असे थांबे अधूनमधून येतातच, हा अजून पाच-दहा वर्षं चालू शकतो, आणि संपला की पुढची घट नेहमीपेक्षा जोरात होण्याची शक्यता जास्त.

काल काकांच्या घरी चहाला गेलो होतो तेव्हा त्यांना मोबाइलवर बर्फाच्या वयाचे नकाशे दाखवले. मार्च १९८५ मध्ये चार वर्षांहून जुना बर्फ जवळपास एक तृतीयांश होता, अलीकडच्या मार्चमध्ये तो ५ टक्क्यांच्याही आत. काकांनी दोन्ही नकाशे बोटांनी मोठे करून बराच वेळ बघितले आणि म्हणाले, म्हणजे बर्फ दिसतोय तेवढाच, पण आतून पातळ. मी म्हटलं हो, आणि वारं अजून फिरायचंय.